भाऊ कबड्डी खेळायचा, आता पाय आणि बोटं हलत नाहीत. त्याला खरं सांगायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी मांडतो, चुकत असेन तर सांगा. भाऊ सतरा वर्षांचा, तालुक्याच्या संघातला चढाईपटू. मे महिन्यात विहिरीत सूर मारला, पाणी आटलेलं होतं, डोकं खालच्या कातळाला लागलं आणि मानेचा मणका मोडला. ऑपरेशन होऊन चार महिने झाले. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं आणि पाय नाहीत. घरातले सगळे त्याला 'दिवाळीपर्यंत उभा राहशील' म्हणतात. तो व्यायामाला नकार देतो, भिंतीकडे तोंड करून पडतो, संघातली पोरं आली की झोपेचं सोंग घेतो. तुम्ही विचारता, खरं सांगितलं तर खचेल का? आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की स्टेम सेलसाठी, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचारासाठी, अर्धा एकर विकायचं घरात चाललंय. त्या ओळीकडे मी शेवटी येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर बावीस वर्षं काम करतोय. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, एमआरआय पाहिलेला नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या वर्णनावरून आहे. मनगट उचलतं पण बोटं नाहीत, यावरून इजेची पातळी सी-६ च्या, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीच्या, आसपास असावी असा माझा अंदाज. तरी पातळीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट असते: इजा पूर्ण आहे की अपूर्ण. डॉक्टरांनी अंगभर टाचणी आणि कापूस लावून, अगदी गुदद्वाराजवळची संवेदनासुद्धा तपासून एक तक्ता भरला असेल. त्याला 'एशिया' तपासणी म्हणतात आणि निकाल ए (पूर्ण इजा) पासून ई (सगळं ठीक) पर्यंतच्या अक्षरात येतो. तळाची ती थोडीशी संवेदना शिल्लक असेल तर पुढचं चित्र बरंच वेगळं असतं. तक्ता भरलाच नसेल तर भरून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. त्या कागदाशिवाय 'चालेल' म्हणणारा आणि 'चालणार नाही' म्हणणारा, दोघेही हवेत बोलत असतात.

आता मूळ मुद्दा. सांगायचं की नाही, हा प्रश्न तुम्हाला मोठा वाटतोय. माझ्या अनुभवात या वयाच्या मुलाला चौथ्या महिन्यापर्यंत बरंचसं कळलेलं असतं. तो दिवसभर छताकडे बघत पडलेला असतो, दाराबाहेरचं कुजबुजणं ऐकतो, डॉक्टर त्याच्याऐवजी वडिलांशी बोलतात हे बघतो. फोन असेल तर केव्हाच शोधून झालेलं असतं. त्याला खचवतंय ते वेगळं असू शकतं. काल-परवापर्यंत जो पोरगा सात जणांच्या अंगणात एकटा शिरून निर्णय घेत होता, त्याला कधी उठवायचं, कुठल्या कुशीवर झोपवायचं, काय खायचं, भेटायला कोणी यायचं, हे सगळं आता दुसरंच कुणीतरी ठरवतंय. वर त्याला खोटा दिलासा देणारं हसूही सहन करावं लागतंय.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात खो-खो खेळणारी एक मुलगी माझ्याकडे होती, छातीच्या मणक्याची इजा, पूर्ण. पहिल्या महिन्यातच मला अंदाज होता. तिने विचारलं की मी 'बघू, प्रयत्न करत राहू' म्हणायचो. परिणाम असा की तिने व्हीलचेअर शिकायला सात-आठ महिने नकार दिला. चालायचंच आहे तर खुर्ची कशाला, हे तिचं म्हणणं मला खोडून काढता येईना, कारण ते मीच तिच्या डोक्यात ठेवलं होतं. तेवढ्या काळात माकडहाडाला जखम झाली, ती भरायला आणखी महिने गेले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्हाला माहीत होतं ना?" तेव्हापासून मी 'बघू' हा शब्द बंद केला.

तेव्हा माझं उत्तर: सांगा. पण कोणी, कधी, कसं, यात सगळं आहे.

रडत रडत आईने सांगू नये आणि भावनेच्या भरात तुम्हीही नाही. शस्त्रक्रिया करणारे किंवा पुनर्वसनाचे डॉक्टर त्याच्यासमोर तो तक्ता ठेवून बोलतील असं बघा. बोलणं त्याच्याशी, घरचे बाजूला. तो पडलेला नको, बसलेला हवा. वरून खाली बघत सांगितलेली बातमी आणि डोळ्याला डोळा देऊन सांगितलेली बातमी यात फरक पडतो. शब्द साधारण असे असावेत: 'आजच्या तपासणीवरून पाय परत येण्याची शक्यता फार कमी दिसते. हातात अजून सुधारणा होऊ शकते. ती किती, हे आपण दर महिन्याला मोजू.' ही वाक्यं तक्त्याप्रमाणे बदलतील. साधारणपणे बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, मग वेग मंदावतो, थोडंफार दीड-दोन वर्षांपर्यंत येत राहतं. म्हणजे चौथ्या महिन्यात दार बंद झालेलं नाही, पण दिवाळीची तारीखही देता येत नाही. सांगून झाल्यावर गप्प बसा. तो चिडेल, शिव्या देईल, दोन दिवस जेवणार नाही. ते दिवस वाईट जातील. पण ते दुःख खरं असतं, आणि पुढचं काम त्याच्यावरच उभं राहतं.

आता व्यायाम. 'तो व्यायाम करत नाही' असं तुम्ही लिहिलंत, त्यावर मला विचारायचंय: त्याला व्यायाम म्हणून काय दिलं जातंय? कुणीतरी येऊन पाय वर-खाली करून जातो, एवढंच असेल तर तो त्याचा व्यायाम नाहीच, तो पायांचा आहे. सांधे आखडू नयेत म्हणून तो लागतो, बंद करू नका. पण खेळाडूला सराव लागतो, आणि सराव म्हणजे ज्यात आकडा असतो. एक वही करा. खुर्चीत चक्कर न येता किती मिनिटं बसला? सुरुवातीला पाचही असतील. इतके दिवस आडवं राहिल्यावर रक्तदाब पटकन खाली येतो, म्हणून पोटाला पट्टा बांधून हळूहळू वाढवायचं. टी-शर्ट स्वतः चढवायला किती वेळ लागला? पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली तर चाळीस लिहा. कुणी मध्ये हात लावायचा नाही. हे आईला सर्वात जड जाईल, तिला त्या वेळी बाहेर बसवा. नोंदी त्याने सांगायच्या, तुम्ही फक्त लिहायच्या.

खेळलेल्या शरीराचा फायदा इथे दिसतो. सी-६ च्या मुलाला कोपर सरळ करणारा स्नायू सहसा नसतो किंवा फार अशक्त असतो. तरीही खांदा बाहेरच्या बाजूला वळवून, तळवा मागे टेकवून कोपर 'लॉक' करता येतं आणि त्या हातावर अंगाचा भार घेता येतो. ही युक्ती इतरांना शिकवायला मला आठवडे लागतात. ज्याने पकडीतून अंग सोडवायला शिकलंय, तोल कुठे आहे हे ज्याच्या अंगाला कळतं, त्याला लवकर साधते. पलंगावरून खुर्चीत फळीच्या आधाराने सरकणं याच्यावरच उभं आहे. काही जण पुढे ते स्वतःचं स्वतः करतात, काहींना एका माणसाचा हात कायम लागतो. तुमचा भाऊ कुठल्या बाजूला जाईल हे आज सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा. तुम्ही लिहिलंत की मामा रोज तेल लावून बोटं मागे ताणून सरळ करतात. प्रेमाने करतात, पण नुकसान होतंय. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात आणि मनगट खाली सोडलं की उघडतात. बोटांत ताकद नसतानाही पेला धरता येतो तो याच्यामुळे. बोटांच्या शिरा थोड्या आखूड राहिल्या तरच ही पकड टिकते. मनगट वर असताना बोटं सरळ ताणली की ती सैल होते आणि परत येत नाही. बोटं उघडायची असतील तर आधी मनगट खाली सोडा. मनगट वर केलं की बोटं मिटलेलीच राहू द्या.

यापुढचं तुम्हाला सांगतोय खरं, पण ते त्यानेच शिकायचंय. ज्याचे हात चालत नाहीत त्यानेही स्वतःच्या अंगाचे नियम दुसऱ्याला सांगता आले पाहिजेत. पुनर्वसनात आम्ही यालाही स्वावलंबनच मानतो. झोपेत दर दोन तासांनी कूस बदलायची, तर गजर त्याच्या फोनवर लावा, हाक तो मारेल. खुर्चीत दर वीस-तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं बुडाखालचा दाब काढायचा. हँडलमागे कोपर अडकवून हे त्याला जमेल. रोज रात्री पाठ, माकडहाड आणि टाचांचा फोटो काढून त्याला दाखवा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या बाजूवर झोपायचं नाही, हा हुकूम त्याने द्यायचा. गरम पाण्याची पिशवी नको, मांडीवर तापलेला लॅपटॉप नको. चटका बसेल आणि त्याला कळणारही नाही.

लघवीची नळी. ठेवलेली नळी काढून दिवसातून दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याची पद्धत डॉक्टरांनी सुचवली असेल. बहुतेकांना तीच चांगली. एका वेळी साडेचारशे-पाचशे मिलीलीटरच्या वर जमू देऊ नये. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'हे सगळं आईच करते.' सतरा वर्षांच्या मुलाचा विचार करा, ताई. तो भिंतीकडे तोंड करतो याचं निम्मं कारण मला तिथे दिसतं. वडील, मामा किंवा पगारी ब्रदर, कुणीतरी पुरुष माणूस शिकून घेऊ दे, आणि तो कोण हे भावालाच निवडू द्या. लाजेपायी पोरं पाणी प्यायचं कमी करतात, मग संसर्ग होतो, ताप येतो. लग्न, शरीरसंबंध, मूल होईल का, हे प्रश्नही त्याच्या मनात असणारच. तो घरच्यांना विचारणार नाही. डॉक्टरांशी त्याला दहा मिनिटं एकटं बसू द्या.

एक धोका मी प्रत्येक घराला पाठ करायला लावतो. मानेची इजा असलेल्याला अचानक ठोके पडल्यासारखं डोकं दुखलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, तर रक्तदाब झपाट्याने वाढत असतो. कारण बहुधा खाली असतं: मूत्राशय भरलेलं, नळी पिळलेली, शौच अडकलेलं, नख रुतलेलं, पट्टा आवळलेला. त्याला लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे आणि पट्टे सैल करा, आधी नळी बघा. दहा मिनिटांत उतरलं नाही तर दवाखाना. तिथे एक गफलत होते. या मुलांचा रोजचा वरचा आकडा ९०-१०० असतो. तो १४० झाला तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना फारसं काही वाटत नाही, पण याच्यासाठी तो धोक्याचा आहे. एका कार्डावर त्याचा नेहमीचा रक्तदाब आणि ही लक्षणं लिहून खुर्चीला अडकवा. आणि पुढच्या उन्हाळ्याची तयारी आतापासून करा. इजेखाली घाम येत नाही, पत्र्याच्या घरात अंग तापत जातं. पाण्याची फवारणीची बाटली आणि पंखा हाताशी हवा.

मनाबद्दल. भिंतीकडे तोंड करणं म्हणजे लगेच नैराश्य नव्हे. गेलेल्या गोष्टीचा शोक करायचा त्याला हक्क आहे. पण त्याआधी एक रक्ततपासणी करा, कॅल्शियमची. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये अचानक हालचाल थांबली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. मग मळमळ, तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती, कशात लक्ष नाही. बघणाऱ्याला वाटतं पोरगा खचला. हे पहिल्या काही महिन्यांत होतं आणि त्यावर औषध आहे. 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून कुणी कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्या असतील तर डॉक्टरांना आजच विचारा. तपासणी ठीक आली आणि तरी तो जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर विषय बदलू नका, सरळ विचारा: मरावंसं वाटतं का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका.

संघातल्या पोरांना झुंडीने पाठवू नका. एकेकटं येऊ दे, आणि काहीतरी काम घेऊन. माझ्याकडच्या एका कबड्डीपटूच्या प्रशिक्षकांनी फार शहाणपणा केला. सामन्यांचे व्हिडिओ घेऊन ते आठवड्यातून एकदा यायचे आणि विचारायचे, 'हा डावा कोपरा कुठे चुकतोय बघ.' पहिले तीन आठवडे पोरगा काही बोलला नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाला, "पाय आधी टाकतोय, साखळी तुटते." इतकंच.

प्रेरणादायी व्हिडिओ पाठवणं मात्र सध्या बंद करा. व्हीलचेअरवरच्या पदकवीरांचे फॉरवर्ड बघून या टप्प्यातली मुलं जास्त चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. त्याने स्वतः विचारलं तर मुरलीकांत पेटकरांचं सांगा, पण पदकावरून सुरुवात करू नका. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा सैन्यातला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. १९७२ ला हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक. मध्ये सात वर्षं आहेत, त्यात १९६८ ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळून झालेलं आहे. ती सात वर्षं सांगा. तुमच्या भावाला अधिक जवळचा वाटेल तो हरियाणाचा धरमबीर. तोही सूर मारताना, कालव्याच्या खोलीचा अंदाज चुकून जायबंदी झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने क्लब थ्रोमध्ये, म्हणजे लाकडी दांडू फेकण्यात, ३४.९२ मीटरवर सुवर्ण मिळवलं. त्याचा एफ-५१ हा गट मानेच्या इजेमुळे हातांचीही ताकद गेलेल्यांसाठीच आहे. रौप्य मिळालेल्या प्रणव सूरमाच्या डोक्यावर सोळाव्या वर्षी सिमेंटचा पत्रा पडला होता. पण हे सगळं पुढच्या वर्षीचं. आधी टी-शर्ट.

आता अर्धा एकर. स्पष्ट लिहितो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येते, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. लाखभर मागतोय म्हणजे ती चाचणी नाही, इतकं सोपं आहे. सात-आठ कुटुंबं माझ्या माहितीत आहेत ज्यांनी जमीन किंवा सोनं घालवलं. एकाचीही पातळी बदललेली मी पाहिली नाही. जे थोडं सुधारलं ते त्या महिन्यांत तसंही सुधारलं असतं.

त्यातले थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर ते असे करा. काही आठवडे चांगल्या पुनर्वसन केंद्रात भरती: मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा विभाग नावाजलेला आहे, दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. दुसरं, मापाची खुर्ची. दवाखान्यातली घडीची खुर्ची अठरा-वीस किलोची आणि रुंद असते, त्याच्या खांद्यांवर ती ढकलली जाणार नाही आणि पाठ वाकडी होईल. हलकी, त्याच्या कमरेच्या मापाची आणि चांगली गादी असलेली घ्या. गादीवर कंजूषी नको. तिसरं, अंगण. पावसाळ्यात चिखलातून चाक जात नाही. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार करा, एक फूट चढायला बारा फूट लांबी या हिशेबाने. न्हाणीघराचं दार रुंद करा.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायला टाका. बारावी सोडू देऊ नका. लेखनिक मिळतो, दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत.

पुढे विचारायचं असेल तर एशिया तक्त्याचा फोटो आणि वहीतले पहिल्या पंधरा दिवसांचे आकडे पाठवा. आणि ते तुम्ही लिहू नका. फोनवर मराठीत बोललं की आपोआप टाइप होतं, माइकचं बटण मनगटाने दाबता येतं. त्याला म्हणावं, मला काय विचारायचं ते तूच विचार. मामांबद्दलची तक्रारसुद्धा चालेल.